देवाच्या पिल्लाला औषध चालतं का, बाई?

बाई, आधी एक खरं सांग. त्या काळ्या पिल्लावर तू खरंच नवस बोलली होतीस, की मला हाकलायला तोंडाला येईल ते ठोकून दिलंस?

गेलेल्या माणसाला असं विचारत नाहीत, मला कळतं. घरात सुतक आहे. पडवीत तुझा फोटो मांडलाय, येणारी प्रत्येक बाई पदर डोळ्याला लावते आणि म्हणते, "मोठी भारी मायाळू होती वो." मीही रडले. एका अंगणात दोन चुली मांडून इतकी वर्षं तुझ्याशी भांडले, जाऊ म्हणून नाही, सख्ख्या बहिणीसारखी भांडले, तर रडू येणारच. पण रडून तोंड धुतलं की डोक्यात परत तेच. तू भांडण अर्धं टाकून गेलीस, आणि अर्ध्या भांडणाचं काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

त्या सकाळी मी औषधाची बाटली घेऊन आले होते. माझ्या पिल्लांच्या डोळ्यांत थेंब टाकून झाले होते, तुझी बाकी होती. तू कमरेवर हात ठेवून खुराड्यासमोर उभी.

"माह्या पिल्लायले हात लावू नको."

"काऊन?"

"त्यातलं काळं मातामायचं हाये. वैशूच्या बाळंतपणासाठी बोलली मी."

"कवा बोलली?"

"तुले कायले सांगू?"

माझ्या पोटच्या पोरीच्या नावानं नवस, आणि मलाच कायले सांगू! मी तणतणत निघून आले. आपण बोलणं टाकलं. मग तू चुलीपुढे बसल्या बसल्या कलंडलीस, आणि दवाखान्याकडं निघालेली गाडी केशोरीच्या पुढे जाईपर्यंत सगळं आटपलं होतं. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तेव्हाही, देवाशपथ, मला वाटून राहिलं होतं की ही आता डोळा उघडेल आणि विचारेल, माझ्या खुराड्याशी कोणाला ठेवून आलीस?

मातामायचं पिल्लू म्हणजे काय ते तूच मला लग्नानंतर शिकवलं होतंस. एकदा बोललं की ते विकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. त्याला सुई नाही, पुडी नाही, थेंब नाही. काम पार पडेपर्यंत ते देवीच्या भरवशावर वाढलं पाहिजे, नाहीतर ते बाटलं. आणि मधेच मेलं, तर ज्याच्या नावानं बोललं त्याची धडगत नाही. हे शेवटचं सांगताना तू आवाज खाली आणला होतास. मी तेव्हा नवी नवरी, घाबरून गेले होते. अजूनही घाबरते, तुझ्यापुढे कबूल केलं नाही इतकंच.

आता तुझ्यामागं काय झालं ते ऐक.

तुझ्या माहेरचा भाऊ भेटायला आला तो पायाला दोरी बांधलेली कोंबडी घेऊन आला. सुतक फिटल्यावर कामी पडेल म्हणे. मी तिच्याकडं पाहिलं. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली.

मी विचारलं, "भाऊ, तुमच्या गावात कोंबड्या मरून राहिल्या का?"

तो भडकलाच. "बहीण मेली माही, अन् तू कोंबडीचं विचारून रायली?"

काऊन नाही विचारायचं? आपल्याकडची रीत मला माहीत नाही का? गावात रोग घुसला की लोक खुराडं रिकामं करायच्या मागं लागतात. एक कापतात, एक बाजारात नेतात, एक सोयऱ्याकडं पोचवतात. कोणाच्या मनात वाईट नसतं, वाया जाऊ नये एवढंच असतं. पण रोग त्या कोंबडीबरोबर सोयऱ्याच्या अंगणात येतो, वर चहा पिऊन जातो. मी ती कोंबडी घरामागं सांदवाडीच्या पार टोकाला टोपलीखाली झाकली, हातपाय साबणानं धुतले, लुगडं बदललं, मगच खुराड्याकडं गेले. बायांची कुजबुज झाली, "जाऊ मेली अन् हिले कोंबड्यायचं पडलं." पडू दे.

दुसऱ्या दिवशी ती कोंबडी मान मुरगाळून पडली होती. मी खड्डा करून चुना टाकून पुरली. तुझा भाऊ तोवर गेला होता. आता तू म्हणशील, माह्या माहेरावर आळ घेते. घेते, बाई. डोळ्यांनी पाहिलं ते सांगते.

त्यानंतर खालच्या मोहल्ल्यातही मानमोडी सुरू झाली. त्या कोंबडीनं आणली की दुसरीकडून आली, देव जाणे. हिरवं पाणी हगतात, चोच उघडून श्वास ओढतात, मग मान अशी पिळते की पाहवत नाही. मेलेल्या कोंबड्या लोकांनी नाल्यात फेकल्या. सांगायला गेले तर एकीनं मला ऐकवलं, "तुयाच औषधानं रोग पसरून रायला." तिच्याकडंही मी नीट पाहून ठेवलंय.

मानमोडी लागली की तिला औषध नाही. हळद नाही, लसूण नाही, दवाखान्याची गोळी नाही. पिल्लू निरोगी आहे तोवर डोळ्यात थेंब गेला, तर ते वाचायची आशा. हे मी तुला इतक्या वेळा सांगितलं, आणि तू दरवेळी एकच विचारायचीस, "डोळ्यात टाकून मानेचा रोग कसा थांबते वो? मले पागल समजली का?"

तर माझी कोंडी बघ. थेंब टाकला तर तुझा नवस बाटला. नाही टाकला आणि काळं पिल्लू मान टाकून पडलं, तर वैशूच्या डोक्यावर अपशकुन. तिचे दिवस भरत आलेत. पहिलं बाळंतपण, माझ्याकडं यायची होती, सुतकामुळं सासरीच थांबली. जवळ असती तर निदान रोज तोंड तरी दिसलं असतं.

म्हणून विचारते, खरं होतं का ते?

कारण तू काही कमी खोटी नव्हतीस. रागावू नकोस. मी थेंब टाकायला यायची तेव्हा तुझी पिल्लं नेहमी कमी भरायची, आणि दुपारी उकिरड्यावर पाहावं तर जास्त. मला संशय आला. एकदा मी सरळ तुझ्या धानाच्या कोठीत घुसले, तर टोपली पालथी आणि खालून चिवचिव. तू म्हणालीस, "ते बिमार हायेत." पुढच्या खेपेला पोत्याखाली सापडली, तर म्हणालीस, "ते पाहुण्यायचे हायेत." पाहुण्यांची पिल्लं, बाई! पोत्याखाली! मग मातामायचं पिल्लू हे तिसरं सोंग कशावरून नव्हतं?

शिवाय बोललेल्या पिल्लाच्या पायात लाल चिंधी बांधतात. या काळ्याच्या पायात काही नाही. मी दोन्ही पाय पिसं सारून पाहिले.

आणि तुझा तो जुना राग. कोहमाऱ्याच्या फाट्याकडून मोटरसायकलवर जाळीत पिल्लं घेऊन यायचा तो माणूस तुला आठवत असेल. गुलाबी, हिरवी रंगवलेली पिल्लं. मी म्हटलं, "घेऊ नको. घेतलीच तर वेगळी ठेव, काही दिवस पाह्य, मग मिसळ." तू म्हणालीस, "लेकरं का वेगळे ठेवाचे असतेत?" सोडलीस आपल्यात. आधी ती रंगीत झोपली, मग तुझी, मग माझी. खुराडी ओस पडली. त्या आठवड्यात मी माझ्या पिल्लांना थेंब टाकले होते, ते तुझ्या पक्कं लक्षात राहिलं. मोटरसायकलवाला विसरलीस. "तुया थेंबानं मेले," हे तू मला पार आत्ताआत्तापर्यंत ऐकवलंस. लग्नात, बारशात, धानाच्या बांदीत रोपांचा रोवणा करताना, वाकल्या वाकल्या. मी शपथा घातल्या, रडले, तुझ्या गळी काही उतरलं नाही.

पण मग ती रक्ती हगवणीची गोष्ट कुठं बसवू?

पावसाळ्यात तुझ्या खुराड्यात अंथरलेलं धानाचं तनीस भिजलं होतं. मी सांगितलं, ते काढ, कोरडा कोंडा टाक, राख भुरभुर, पिल्लं ओल्यात ठेवू नको. तू नजर लागली म्हणून खुराड्याला फाटकी चप्पल टांगलीस आणि समोरच्या घराकडं तोंड करून बोटं मोडलीस. पिल्लांची विष्ठा रक्ताची यायला लागली. आणि इकडं माझ्या फळीवरची पुडी आपोआप कमी होऊन राहिली. मी तुझ्या पिल्लांचं पाणी हुंगलं. औषधाचा वास.

"हे काय वो?"

"हळदीचं पानी हाये."

"हळदीला असा वास येते?"

"नाक हाये का कुत्र्याचं?"

पिल्लं वाचली. तू गावभर सांगितलंस, चप्पल लागू पडली. मी चारचौघांत तोंड उघडलं नाही, पण घरी येऊन पोट धरून हसले. माझ्यावर विश्वास नाही म्हणणारी माझीच पुडी चोरत होती. तेव्हापासून मला तुझ्या नाही म्हणण्याचाही भरवसा राहिला नाही, आणि तुझं हो तर मी कधीच खरं धरलं नव्हतं.

खरं सांगू का, पिल्लाचं दुखणं ओळखायला मला तूच शिकवलंस. संध्याकाळी पिल्लं आत शिरताना एकेकाच्या गळ्याखाली बोट लावायचं. दाण्याची थैली टिच्च भरलेली असली तर खुशाल जाऊ द्यायचं, रिकामी लागली तर बाजूला काढायचं, ते आजारी पडून राहिलं. पंख लोंबायच्या आधी बोटाला कळतं. माझं बोट धरून तू ते दाखवलं होतंस, आणि मी "हे काय घाण" म्हटलं तर डोक्यात टपली मारली होतीस. मडक्यात ओलं तनीस अन् शेण भरून पालथं ठेवायचं, उधई-वाळवी धरायची, ती कोवळ्या पिल्लांना चारायची, हेही तुझंच. आणि थंडीतलं भांडण! मी टोपलीत बल्ब लावायची, तू "बलबानं रक्त सुकते" म्हणून बंद करायचीस. वर माझी पिल्लं उचलून तुझ्या खुडूक कोंबडीच्या पोटाखाली सारायचीस आणि तिच्याशी बोलत बसायचीस. ती घ्यायचीही. मग तू माझ्याकडं अशी पाहायचीस की मला हातातला बल्ब फोडावासा वाटायचा.

हे सगळं आठवलं की रडू येतं. मग दुसऱ्या क्षणी वाटतं, मला रडवून ही पुन्हा मूळ गोष्ट टाळून राहिली.

मी चौकशी केली. भासऱ्यांना, तुझ्या नवऱ्याला, विचारलं, "बाईनं नवस बोलला होता का?" ते भिंतीकडं पाहत म्हणाले, "तिनं मले कवा काय सांगतलं?" मातामायच्या पुजाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बोलली असल तर देवाचं, नाई बोलली असल तर तुमचं." एवढं तर मलाही कळत होतं, त्याच्या ओट्यावर कशाला गेले असते? वैशूला फोन केला. 

"मोठीमायनं मले नाई सांगतलं," ती म्हणाली. "पण आई, आता मले मालूम झालं ना. त्या पिल्लाले मरू नको देजो."

 तुझ्या कडेवर वाढलेली पोर, बाई. मी जेवायला बोलवायची तर तुझ्या ताटातून उठायची नाही. त्या पोरीला मी धीर काय देणार? म्हटलं, "काही होत नाई, जेवली का?"

आणि एक गोष्ट मला राहून राहून छळते. तू जायच्या काही दिवस आधी मी तुला पिशवीत नारळ घेऊन निघालेली पाहिलं होतं. "कुठं?" विचारलं तर म्हणालीस, "दुकानात." दुकान त्या बाजूला नाही. त्या बाजूला आंब्याखाली मातामाय आहे, आणि पुढं नुसतं जंगल. मग? गेली होतीस तू? वैशूसाठी? आणि माझ्यापासून लपवलंस ते कशाला? मी हसेन म्हणून? की मी माय असून माझ्या आधी तू बोललीस, ते मला टोचेल म्हणून? टोचलं असतं. तुला बरोबर माहीत होतं.

आज सकाळी मी अर्जुनीहून बाटली आणली. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात बाटली. जनावरांच्या दवाखान्यातल्या माणसानं बर्फ दिला तोही मी निरखून घेतला, पाण्यात तरंगता नको, चांगला खडा पाहिजे. रस्ताभर दोन-तीनदा झाकण उघडून पाहिलं. शेजारी बसलेला माणूस म्हणाला, "काकी, आइस्क्रीम है क्या?" मी थर्मास मांडीत ओढून घेतला. औषध गरम झालं की ते नुसतं पाणी. मग ते डोळ्यात टाकून मी निवांत झोपायची, आणि पिल्लं मरायची, आणि तू वरून म्हणायचीस, पाह्य, मी सांगत नव्हती?

घरी आल्या आल्या सावलीत औषध कालवलं. एक पिल्लू उचलायचं, एका डोळ्यात एक थेंब, त्यानं पापणी मिटून उघडेपर्यंत धरायचं, मग दुसऱ्या टोपलीत सोडायचं. आधी गळ्याखाली बोट. सगळ्यांच्या थैल्या भरलेल्या होत्या. तुझी कोंबडी अंगावर येऊन मनगटाला चोच मारत होती. तिलाही माझा भरवसा नाही, कोणाची आहे शेवटी!

सगळी झाली. काळं तेवढं राहिलं.

कालवलेलं औषध ठेवता येत नाही. तास-दोन तासांत लावायचं, नाहीतर फेकायचं. मी पिल्लू हातात घेऊन तुझ्या ओट्यावर बसले. चांगलं ठणठणीत होतं, बोटाला टोचत होतं, अंग कढत. खालच्या मोहल्ल्यातून कोणीतरी मेलेली कोंबडी पिशवीत घालून नाल्याकडं निघालं होतं. मी ते पाहिलं आणि पिल्लू पदराखाली घेतलं.

भासरे पडवीतून पाहून राहिले होते. म्हणाले, "टाकून रायली का त्याच्या डोळ्यात?"

मी म्हटलं, "हो."

ते उठून आत गेले. रागानं गेले की मला मोकळं सोडून गेले, ते कळलं नाही. तुमच्या घरात कोणी सरळ सांगतच नाही.

मी थेंब टाकला, बाई. त्यानं पापणी मिटली, उघडली, आणि मान झटकली.

आता काय असेल ते असो. तू खोटं बोलली असशील, तर तुझं खोटं तुझ्यापाशी ठेव, मी कोणाला सांगायची नाही. आणि खरं बोलली असशील, तर हे पिल्लू बाटलं. मग मी ते कापू देणार नाही, अंगणात फिरू दे वैशूच्या लेकराच्या पायांत. मातामायला मी दुसरं देईन, ती म्हणेल त्या रंगाचं, त्याला बोटसुद्धा लावणार नाही. पण हिशेब पोरीकडून मागू नये. तू आता मातामायच्या जवळ आहेस. तिला सांग, पोरीनं काही केलं नाही, पोरीला काही माहीत नव्हतं, थेंब धाकटीनं टाकला. माझं नाव घे. वैशूला सुखरूप मोकळी होऊ द्या. मग माझं काय करायचं ते तुम्ही दोघी मिळून ठरवा.